मेलेले शब्द आणि मेलेले अर्थ : जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या वाचताना

प्रस्तावना

इंग्रजीतील विस्मृत शब्दांच्या याद्या वाचायला गंमत येते. 'ग्रोक' म्हणजे दुसरा जेवत असताना आपल्यालाही काही मिळेल या आशेने त्याच्या ताटाकडे टक लावून पाहणे. 'स्नाउटफेअर' म्हणजे देखणा. 'अ‍ॅप्रिसिटी' म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. अशा यादीच्या शेवटी बहुधा हळहळ असते, की इतके सुंदर शब्द भाषेने गमावले. ही हळहळ जरा तपासून पाहिली पाहिजे. 'अ‍ॅप्रिसिटी' हा शब्द हेन्री कॉकरमच्या 1623 सालच्या कोशात आहे. तो कोश कठीण शब्दांचा होता, आणि त्या काळच्या अशा कोशांत लॅटिन शब्दांना इंग्रजी वळण देऊन बनवलेले पुष्कळ शब्द असत. लोकांच्या तोंडी ते क्वचितच आले. जो शब्द फारसा जगलाच नाही, त्याच्या मरणाचा शोक आपण करत असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला अशा शब्दांचा त्रास होत नाही. अनोळखी शब्द दिसला की तो थांबतो, कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढे जातो. त्रास होतो तो ओळखीच्या शब्दांचा. शब्द आजही रोजच्या वापरात असतो, त्याचा आजचा अर्थ आपल्याला पाठ असतो, पण लेखकाने योजलेला अर्थ केव्हाच मेलेला असतो. तिथे कोणी थांबत नाही, कारण थांबण्याचे कारणच दिसत नाही. या पाठात आपण हा दुसरा प्रकार जेन ऑस्टिन (1775–1817) या कादंबरीकर्तीच्या आधारे पाहणार आहोत. एका शब्दाचा मेलेला अर्थ हातातून निसटला तर संपूर्ण व्यक्तिरेखेचे मूल्यमापन चुकते, हे दाखवणे हा या पाठाचा हेतू आहे.

शब्दाचे मरण आणि अर्थाचे मरण

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने 1857 साली नव्या इंग्रजी कोशाचा विचार सुरू केला. त्यातून पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी तयार झाली. तिचा पहिला भाग 1884 मध्ये आणि शेवटचा 1928 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक शब्दाचे चरित्र कालक्रमाने सांगायचे, हे या कोशाचे सूत्र होते. वापरातून गेलेल्या शब्दाआधी त्यात कट्यारीच्या आकाराची एक खूण छापलेली असते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही खूण केवळ शब्दांना लावलेली नाही, ती अर्थांनाही लावलेली आहे. एकाच नोंदीत चार अर्थ जिवंत आणि तीन अर्थ मेलेले असू शकतात. म्हणजे शब्द जिवंत आहे की मृत, एवढ्याच प्रश्नाने काम भागत नाही. त्याचा कोणता अर्थ कधीपर्यंत जिवंत होता, हेही विचारावे लागते.

काही मेलेले अर्थ एखाद्या ठरीव शब्दप्रयोगात जपले जातात. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी इंग्रजी विनंती छापलेली असते, तिच्यात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असे शब्द आहेत. आज 'लेट' म्हणजे करू देणे. मग 'लेट'शिवाय जाऊ द्या, याचा अर्थ काय लावायचा? जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. एकाचा अर्थ होऊ देणे आणि दुसऱ्याचा अडवणे. कालांतराने दोघांचे रूप एकच झाले, आणि अडवण्याचा अर्थ मागे पडला. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात पित्याच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट त्याला धरून ठेवणाऱ्या सोबत्यांना धमकावतो, तेव्हा तो हेच दुसरे क्रियापद वापरतो. आजच्या अर्थाने वाचले तर त्याची धमकी उलटी होते.

दुसरे उदाहरण मिठाईच्या दुकानाचे आहे. आपल्याकडे मिठाईला इंग्रजीत 'स्वीटमीट' म्हणतात. पेढ्या-बर्फीच्या नावात 'मीट' कसे आले? एके काळी 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न. पुढे त्या शब्दाचा अर्थ मांसापुरता आक्रसला. भाषाशास्त्रात याला अर्थसंकोच म्हणतात. याउलट 'सिली' या शब्दाचा प्रवास अर्थापकर्षाचा आहे. धन्य, सुखी या अर्थापासून निघून तो निष्पाप, दुबळा असे टप्पे घेत मूर्ख या अर्थापर्यंत उतरला.

आपल्या भाषांमध्ये हा अनुभव पदोपदी येतो, कारण एकच संस्कृत शब्द वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वाटेने गेला आहे. हिंदी भाषक 'शिक्षा' घेतो तेव्हा तो शाळेत जातो. मराठी भाषकाला 'शिक्षा' होते तेव्हा त्याने काही गुन्हा केलेला असतो. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत आणि बंगालीत राग म्हणजे संताप. बंगालीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत मात्र चेष्टा म्हणजे थट्टा. दोन भाषांमध्ये वावरणाऱ्या विद्यार्थ्याला या शब्दांची फसवणूक ठाऊक असते. एकाच भाषेच्या दोन शतकांमध्येही तशीच फसवणूक होते, हे मात्र तो सहसा विसरतो.

लुईस यांचा इशारा

सी. एस. लुईस हे आज मुलांच्या कथांसाठी अधिक ओळखले जात असले, तरी ते मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन साहित्याचे मोठे अभ्यासक होते. 1960 साली त्यांचे 'स्टडीज इन वर्ड्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. थोडेच शब्द घेऊन त्यांनी प्रत्येकाच्या अर्थांचा शतकानुशतकांचा माग काढला. त्यात त्यांनी एक उपयुक्त कल्पना मांडली. शब्दाचा जो अर्थ आज आपल्या मनात सर्वांत वर असतो, त्याला ते 'धोकादायक अर्थ' म्हणतात. जुने पुस्तक वाचताना हाच अर्थ न बोलावता पुढे येतो. त्याने वाक्य अगदीच निरर्थक झाले तर वाचक सावध होतो. पण पुष्कळदा वाक्य कसेबसे जुळते, आणि मग चूक कधीच उघडकीस येत नाही.

लुईस यांची ही कल्पना उपयोगाची असली तरी पुरेशी नाही. धोकादायक अर्थ बाजूला सारून जुना अर्थ बसवला की वाचन पूर्ण झाले, असा समज तिच्यातून होऊ शकतो. ऑस्टिनच्या बाबतीत जुना अर्थ कळल्यावर खरे वाचन सुरू होते. दोन शब्द घेऊन हे तपासू.

'कँडर' : जेनचे मूल्यमापन

'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी 1813 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील बेनेट घराण्याच्या पाच बहिणींपैकी थोरल्या जेनच्या संदर्भात 'कँडर' हा शब्द महत्त्वाच्या ठिकाणी येतो. आज 'कँडिड' माणूस म्हणजे मनात असेल ते तोंडावर बोलणारा. विद्यार्थी साहजिकच लिहितो की जेन स्पष्टवक्ती आहे. परंतु कथानक नेमके याच्या विरुद्ध उभे आहे. जेन आपल्या भावना इतक्या झाकून ठेवते की बिंग्लेवर तिचे प्रेम आहे हे जवळच्या माणसांनाही कळत नाही. तिने थोडे अधिक दाखवायला हवे, असे शार्लट लुकस सुरुवातीलाच सुचवते. पुढे डार्सी बिंग्लेला तिच्यापासून दूर करतो, त्याचे एक कारण तो हेच देतो की जेन त्याला उदासीन वाटली. जेन स्पष्टवक्ती असती तर ही कादंबरी अर्ध्यातच संपली असती.

मग तिच्याकडे कोणता गुण आहे? 'कँडर'चे मूळ लॅटिनमध्ये शुभ्रता या अर्थाकडे जाते. शुभ्रतेपासून निर्मळता, निर्मळतेपासून दुष्टाव्याचा अभाव, तिथून निःपक्षपात आणि शेवटी मोकळे बोलणे असा हा प्रवास आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 सालच्या कोशात या शब्दाच्या अर्थामध्ये मोकळेपणा असला, तरी भर स्वभावातील गोडव्यावर आणि दयाळूपणावर आहे. ऑस्टिनच्या काळी 'कँडिड' माणूस म्हणजे दुसऱ्याविषयी निर्णय देताना शक्य तितका चांगला अर्थ लावणारा, पुरावा मिळेपर्यंत कोणालाही दोषी न धरणारा. आजचा अर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. आजच्या 'कँडिड' माणसाकडून आपण दुसऱ्यांचे दोषही ऐकायची तयारी ठेवतो. त्या काळचा 'कँडिड' माणूस ते दोष बोलून दाखवायला तयार नसे.

हा अर्थ हाती आला की कादंबरीतील मध्यवर्ती प्रसंग वेगळा दिसू लागतो. विकहॅम एलिझाबेथला डार्सीच्या अन्यायाची कहाणी सांगतो. एलिझाबेथ ती लगेच खरी मानते. जेन मात्र म्हणते, की दोघांपैकी कोणालाही खोटे न ठरवता या प्रकरणाचा उलगडा होऊ शकेल, कदाचित काही गैरसमज झाला असेल. एलिझाबेथला हे भोळेपण वाटते आणि वाचकही तिच्याबरोबर हसतो. पुढे डार्सीचे पत्र येते. ते पुन्हा पुन्हा वाचल्यावर एलिझाबेथला आपली चूक कळते. त्या वेळी ती स्वतःला दोष देताना दोन गोष्टी शेजारी ठेवते. माणसे ओळखण्याच्या आपल्या शक्तीचा तिला गर्व होता, आणि बहिणीच्या उदार 'कँडर'कडे ती तुच्छतेने पाहत होती. म्हणजे कादंबरीच्या ऐन वळणावर, नायिकेच्या आत्मपरीक्षणात, हाच शब्द येतो. तो आजच्या अर्थाने घेतला तर एलिझाबेथला बहिणीचा स्पष्टवक्तेपणा आवडत नव्हता असे निघते, आणि तसे कादंबरीत कुठेच घडलेले नाही.

येथपर्यंत केवळ अर्थाची दुरुस्ती झाली. खरा समीक्षेचा प्रश्न पुढे आहे. मग जेन बरोबर आणि एलिझाबेथ चूक, असे ऑस्टिनला म्हणायचे आहे काय? तसेही नाही. बिंग्लेची बहीण कॅरोलाइन आपली खरी मैत्रीण आहे, असे जेन दीर्घकाळ मानते आणि फसते. तिथे एलिझाबेथची संशयी नजर बरोबर ठरते. डार्सी आणि विकहॅमच्या बाबतीत मात्र तीच तीक्ष्ण नजर चुकते आणि जेनचा संयम सत्याच्या अधिक जवळ असतो. दोन बहिणी म्हणजे माणसांविषयी मत बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक निर्णय लांबवते, दुसरी निर्णयाची घाई करते. ऑस्टिन दोघींनाही एकेकदा चुकवते आणि एकेकदा खरे ठरवते. जेनला 'साधीभोळी' म्हणून चार ओळींत उरकणाऱ्या उत्तरात कादंबरीतील हा वाद दिसतच नाही. जेनचा गुण केवळ प्रेमळ मनाचा नाही, तो निर्णयशक्तीचाही आहे. म्हणून 'कँडर'ऐवजी 'काइंडनेस' घालणाऱ्या सोप्या आवृत्त्याही अपुऱ्या पडतात. मराठीत 'गुणग्राहकता' हा शब्द थोडा जवळ येतो, पण दोषांविषयी बोलणे मुद्दाम टाळण्याची छटा त्यात नाही.

'कॉन्डिसेन्शन' : स्तुतीची पोकळी

त्याच कादंबरीतील धर्मगुरू मिस्टर कॉलिन्स हे आपल्या आश्रयदात्री लेडी कॅथरीन डी बर्ग यांच्या 'कॉन्डिसेन्शन'चे गोडवे गाताना थकत नाहीत. आज हा शब्द निंदेचा आहे. स्वतःला वरचढ समजून दुसऱ्याशी उपकार केल्यासारखे वागणे, असा त्याचा अर्थ आहे. आजच्या अर्थाने वाचल्यास कॉलिन्स नकळत आपल्या आश्रयदात्रीची निंदा करतात, आणि विनोद झाला असे वाटते.

अठराव्या शतकात हा शब्द स्तुतीचा होता. शब्दशः त्याचा अर्थ खाली उतरून येणे. उच्च दर्जाच्या व्यक्तीने आपला मान बाजूला ठेवून खालच्या दर्जाच्या माणसाशी आपुलकीने वागणे हा सद्गुण मानला जाई. जन्माने ठरणारा दर्जा जोपर्यंत समाजाला स्वाभाविक वाटत होता, तोपर्यंत खाली उतरणे हा मोठेपणा होता. माणसे समान आहेत ही धारणा वाढत गेली तशी पायरीच मान्य होईनाशी झाली, आणि मग उतरण्याच्या ऐटीचा राग येऊ लागला. या एका शब्दाच्या अर्थापकर्षात युरोपीय समाजाच्या दोन शतकांचा इतिहास साठला आहे.

मात्र तळटीपेत 'जुना अर्थ : सौजन्य' एवढेच लिहिले तर विनोद पुन्हा हरवतो. कॉलिन्स मनापासून स्तुती करत आहेत, हे जुन्या अर्थामुळे कळते. पण ज्या वर्तनाची ते स्तुती करतात ते कसे आहे, हे ऑस्टिन रोझिंग्जच्या प्रसंगांत दाखवते. लेडी कॅथरीन पाहुण्यांच्या घरगुती गोष्टींची चौकशी करतात, न मागता सल्ले देतात, आणि आपला दर्जा क्षणभरही विसरू देत नाहीत. खाली उतरण्याचा सद्गुण तिथे शब्दापुरता उरलेला आहे. पात्र जुन्या अर्थाने बोलते आणि प्रसंग त्या अर्थाची पोकळी उघड करतो. म्हणून येथे दोन्ही गोष्टी लागतात, जुन्या अर्थाची माहिती आणि बोलणाऱ्यापासून लेखिकेने राखलेले अंतर. कोशातून पहिली गोष्ट मिळते, दुसरीसाठी वाचनच करावे लागते.

लेखिकेलाही बदल दिसत होते

अर्थ बदलतात हे ऑस्टिनच्या मागाहून आपल्यालाच उमगले, असे समजू नये. 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या अखेरीस आलेली कादंबरी आहे. तिच्यात हेन्री टिल्नी कॅथरीनच्या 'नाइस' या शब्दाची थट्टा करतो. पूर्वी नेटकेपणा आणि सुरुचीसाठी असलेला हा शब्द आता कशालाही लावला जातो, असा त्याचा रोख आहे. 'एमा'मध्ये मिस्टर नाइटली फ्रँक चर्चिलविषयी बोलताना 'एमिएबल' या शब्दाचा फ्रेंच अर्थ आणि इंग्रजी अर्थ वेगळे करतात. वागण्यातील गोडवा आणि दुसऱ्याच्या भावनांची खरी जाणीव यांतला तो फरक आहे. ऑस्टिनच्या पात्रांमधील नैतिक वाद अनेकदा शब्दांच्या अर्थावरच होतात.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (1811) या शीर्षकातही हीच अडचण आहे. आज 'सेन्सिबल' म्हणजे समंजस. त्यामुळे शीर्षकातील दोन्ही शब्द एकाच बाजूचे वाटू शकतात. त्या काळी 'सेन्सिबिलिटी' म्हणजे भावना तीव्रतेने जाणवण्याची शक्ती, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे मोठे कौतुक होते. हे माहीत असल्याशिवाय मेरिअ‍ॅनचे वागणे केवळ हट्टीपणाचे वाटते. प्रत्यक्षात ती तिच्या काळातील एका प्रतिष्ठित मूल्यानुसार जगण्याचा प्रयत्न करत असते.

एक आक्षेप आणि एक सावधगिरी

येथे असा आक्षेप घेता येईल, की वाचक आपल्या काळात उभा राहून वाचतो. मग त्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या अर्थाला का बांधून घ्यावे? वाचकाच्या स्वातंत्र्याचा हा मुद्दा खरा आहे. पण स्वातंत्र्य निवडीत असते, आणि निवड करण्यासाठी किमान दोन पर्याय समोर असावे लागतात. ज्याला 'कँडर'चा एकच अर्थ ठाऊक आहे त्याने काहीही निवडलेले नसते. जुना अर्थ जाणून घेऊन कोणी आजच्या दृष्टीने जेनवर टीका केली, तर ती समीक्षा होईल.

दुसरी सावधगिरी उलट दिशेची आहे. जुना अर्थ म्हणजे मूळचा अर्थ, असा भ्रम होऊ नये. 'नाइस' ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ अज्ञानी असा आहे. म्हणून ऑस्टिनच्या वाक्यात तो अर्थ बसवणे हास्यास्पद ठरेल. व्युत्पत्ती शब्द कुठून निघाला ते सांगते. विशिष्ट वर्षी तो कुठे पोचला होता, हे सांगत नाही. शिवाय मरण हेही स्थानिक असते. 'डू द नीडफुल' हा प्रयोग ब्रिटनमध्ये जुनाट झाला, पण भारतातील कार्यालयीन पत्रांत तो अजून रोज दिसतो.

समारोप

जुने इंग्रजी साहित्य वाचताना पुढील क्रम उपयोगी पडतो. ओळखीचा शब्द असूनही वाक्य किंचित वाकडे वाटले, तर तिथे थांबावे. तो शब्द त्याच पुस्तकात आणखी कुठे, कोणाविषयी आला आहे ते शोधावे. ऐतिहासिक कोशात त्या वर्षाच्या आसपासचा अर्थ पाहावा. शेवटी, तो शब्द कोण बोलते आहे आणि लेखक त्याच्याशी सहमत आहे का, हे विचारावे. पहिल्या तीन पायऱ्या अभ्यासाच्या आहेत आणि चौथी समीक्षेची. विस्मृत शब्दांच्या याद्या करमणुकीसाठी खुशाल वाचाव्यात. पण ज्या शब्दांसाठी कोणी हळहळत नाही, कारण ते मेले आहेत असे कोणाला वाटतच नाही, त्यांच्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने अधिक लक्ष द्यावे.

स्वाध्याय

1. 'कँडर' या शब्दाचा ऑस्टिनकालीन अर्थ लक्षात घेऊन जेन आणि एलिझाबेथ यांच्या निर्णयपद्धतींची तुलना करा.
2. 'कॉन्डिसेन्शन' या शब्दाच्या अर्थापकर्षामागील सामाजिक कारणे स्पष्ट करा.
3. आपल्या मातृभाषेतील असा एक शब्द निवडा, जो आजही वापरात आहे पण ज्याचा जुना अर्थ मागे पडला आहे. त्यामुळे एखाद्या जुन्या साहित्यकृतीचे वाचन कसे बदलते, ते लिहा.